शुक्रवारची तपासणी

वेणूबाई : सांगितलं ना एकदा. घरात नायत ते. गावाला गेलेत.

विठा : मावशी, आतून खोकला ऐकू येतोय.

वेणूबाई : खोकला घरात ठेवून गेलेत.

दौलतराव : कोण हाय गं?

वेणूबाई : कंप्युटरवाली. तुमची खुर्ची उचलून तिथं खोकं ठेवलं ना, त्या खोक्याची बाई.

विठा : मी विठा, काका. उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये आमचं ऑफिस आहे. प्रोग्राम मी बनवत नाही. बनवणारे वेगळे. मी फक्त तपासते.

वेणूबाई : सुरी करणारा वेगळा, धार बघणारा वेगळा. मान तेवढी आमची.

विठा : मला नाथाभाऊंनी पाठवलंय.

वेणूबाई : आमच्या नाथानं? जावयानं?

विठा : हो. म्हणाले, मला विचारून उपयोग नाही, सासऱ्यांना विचार. घर मोरिवलीत, मारुतीच्या मागं. दारात बाई उभी राहील, ती आत सोडणार नाही, तरी थांब.

वेणूबाई : बोलला का असं? येऊ दे त्याला.

दौलतराव : अगं, येऊ दे आधी तिला. पोरी, चपला बाहेर काढ. आजच सारवलंय, त्या कोपऱ्यात ओलं असेल. हां, तिथं बस. आता बोल.

विठा : हा मंगळवारचा कागद आहे. टाकीच्या आतली उष्णता. कंप्युटर दर मिनिटाला एक आकडा छापतो. वरून खाली...

दौलतराव : वाचता येतं मला. उशिरा शिकलो, पण शिकलो. अगं, चष्मा दे. सहासष्ट, सदुसष्ट, सहासष्ट. सदुसष्ट. अडुसष्ट. अडुसष्ट. अडुसष्ट. अडुसष्ट... हे कुठवर असंच हाय?

विठा : चाळीस मिनिटं. मग एकदम एक्क्याऐंशी.

दौलतराव : आणि तुमच्या खोक्यानं काय केलं?

विठा : चाळीस मिनिटं काहीच केलं नाही. बहात्तरच्या वर गेलं की टाकीभोवती गार पाणी सोडायचं, एवढं त्याला शिकवलंय. अडुसष्ट म्हणजे ठीक. नाथाभाऊंनाच काहीतरी वाटलं. त्यांनी उठून थर्मामीटरच्या नळीवर पाना मारला, तेव्हा एक्क्याऐंशी दिसलं. मग त्यांनी धावत जाऊन हातानं चाक फिरवून गार पाणी सोडलं.

दौलतराव : गच्चीवरच्या हौदाचं चाक?

विठा : तेच. शनिवारपासून ते चाक नसेल, काका, काढून टाकणार आहेत. म्हणून आले.

वेणूबाई : काढणार? का?

विठा : माणसं मधेच हात घालतात. मग प्रोग्रामला काय झालं ते कळत नाही, माल एकसारखा येत नाही. म्हणून पाणी सोडायचं ते फक्त कंप्युटरनं, पाइपाचं.

दौलतराव : थांब. एकेक घेऊ. हा आकडा मेलाय बघ. अडुसष्ट नाय हा. हे अडुसष्टचं मढं हाय.

विठा : आकडा मेला म्हणजे?

दौलतराव : जिता आकडा थरथरतो. आत माल शिजतोय, ढवळणी फिरतेय, एक वर, एक खाली, चाललेलंच असतं. आजारी माणसाची नाडी बघतो ना आपण? ती पण हलते. आकडा दहा मिनिटं एका जागी बसला की समजायचं, आतल्या नळीवर मालानं खपली धरली. तिला आतलं काय कळत नाय आता. शेवटचं जे ठाऊक होतं तेच सांगत बसते.

वेणूबाई : तुमच्या आईसारखी.

दौलतराव : तिला मधे आणू नको. पोरी, हे तुला कुणी सांगितलं नाय?

विठा : मला उलटं सांगितलं होतं. आकडा स्थिर राहिला की खूण करायची. पास.

दौलतराव : किती वेळा तपासलंत?

विठा : आठ शुक्रवार. एकशे बारा टेस्ट. एकही नापास नाही.

दौलतराव : शुक्रवारी का?

विठा : शुक्रवारी सगळ्या एमआयडीसीला सुट्टी ना. टाकी रिकामी मिळते. बाकी दिवशी माल चालू असतो, आम्हाला जवळ उभं करत नाहीत.

दौलतराव : मग टाकीत भरायचात काय?

विठा : पाणी. नळाचं.

दौलतराव : ऐकलंस का गं?

वेणूबाई : पाणी तापवलेलं पातेलं कोण घासतं? घासायची पाळी येते ती दूध तापवल्यावर.

दौलतराव : ही कधी कंपनीच्या गेटात गेली नाय. हिला कळलं.

विठा : मला नाही कळलं, मावशी. आठ शुक्रवार मी त्या पातेल्याकडे बघत बसले.

दौलतराव : आणखी एक. शुक्रवारी पाइपाला पाणी कसं येतं? धो धो. कारण कुणीच ओढत नसतं. शनिवारी सकाळी सातला भोंगा झाला की सगळ्या कंपन्या एकदम तोंड लावतात. आपल्या पाइपात नुसती हवा फुसफुसते, नऊ वाजेपर्यंत. तुमच्या खोक्याला पाणी आलं हे कळतं कसं?

विठा : व्हॉल्व्ह उघडला की तो धरून चालतो, पाणी आलं.

दौलतराव : दार उघडलं म्हणजे पाहुणा आला.

वेणूबाई : इथं तर बंद ठेवलं तरी आला.

विठा : तुम्ही कसं ओळखायचात, काका?

दौलतराव : हाताची पाठ लावायची पाइपाला. तळवा नाय. तळवा निबर असतो, त्याला सगळं सारखंच. पाठीला गार लागलं की पाणी हाय. नाय लागलं की पळायचं हौदाच्या चाकाकडे. आता ते चाक काढतायत म्हणतेस.

विठा : थांबा, लिहू दे. दहा मिनिटं न हललेला आकडा. हाताची पाठ. आणखी?

दौलतराव : ढवळणीची मोटर. ती गुणगुणते तोवर बरं. कण्हायला लागली की माल घट्ट होतोय. आणि वास. पण वास तुला कागदावर कसा देऊ? पिकलेल्या फणसासारखा यायला लागला की मी बाकीच्यांना खाली पाठवायचो.

विठा : हे तुम्ही कुठं लिहून ठेवलं नाही?

दौलतराव : वहीत रकानाच नव्हता. वेळ, आकडा, सही. तेवढंच मागत होते, तेवढंच दिलं.

विठा : काका, त्या वह्या आमच्याकडे आहेत.

दौलतराव : कुठल्या?

विठा : तुमच्याच. प्रोग्राम त्यावरूनच केला. त्र्याहत्तरपासून पंच्याण्णवपर्यंतच्या, बावीस वर्षांच्या. तुमचे साहेब म्हणाले, बाकीच्यांच्या वह्यांत खाडाखोड आहे, दौलतरावांच्या घ्या, त्यांच्या सगळ्यात स्वच्छ. खरंच स्वच्छ होत्या. एकसारखी शाई, एकसारखं अक्षर. आमच्या ऑफिसात सगळे म्हणायचे, किती शहाणी टाकी आहे.

वेणूबाई : बघा. कामावरून काढायच्या वेळी कुणाला आठवलं नाय ते.

विठा : काका?

वेणूबाई : काय झालं? अवो, चष्मा कशाला काढताय?

दौलतराव : माझ्या वहीवरून केलं म्हणतेस.

विठा : हो.

दौलतराव : त्या वह्या मी पावणेतीनला भरायचो.

विठा : म्हणजे?

दौलतराव : शिफ्ट सुटायच्या आधी. चहा यायचा. एका हातात कप, दुसऱ्या हातानं आठ तासांचे आकडे, एका दमात. म्हणून शाई एकसारखी. अडुसष्ट, सत्तर, एकोणसत्तर, अडुसष्ट. सगळेच असं करायचे. दिवसभर हात टाकीवर, वही उघडायची कुणी? आणि पावणेतीनला टाकी निवलेलीच असायची. मीच निववलेली असायची.

विठा : म्हणजे बहात्तरच्या वर ती...

दौलतराव : दर आठवड्याला जायची. कधी ऐंशी, कधी पंच्याऐंशी. वहीत नाय.

विठा : आम्ही त्या आकड्यांवर टेस्ट बांधल्या. वहीत कधी घडलं नाही ते तपासायला घेतलंच नाही.

वेणूबाई : त्यांच्यावर ढकलू नको हां. आधी हात काढून घेतलेत माणसाचे, आता वर दोष पण त्याचाच.

विठा : नाही ढकलत, मावशी.

दौलतराव : ढकलू दे. खोटं नाय ते.

वेणूबाई : तुमी गप बसा. तुमचा हा सरळपणाच नडला आयुष्यभर.

दौलतराव : पोरी, उद्या शुक्रवार. असं कर. तुझा शुक्रवार लय स्वच्छ हाय, त्याला घाण कर. थर्मामीटरच्या नळीला चिंधी गुंडाळ, काकवीत बुडवून. वर चिकणमाती लाव. मग टाकीतलं पाणी तापव. आकडा बसेल एका जागी, आणि खोकं गप राहील. तेव्हा साहेबाला बोलाव आणि त्याचा हात धरून टाकीला लाव. जास्त बोलू नको.

विठा : आणि पाइपाचा गेटजवळचा मोठा कॉक?

दौलतराव : पाऊण बंद कर. मग खोक्याला म्हण, सोड पाणी.

विठा : मधेच एकदा वीज घालवायची. परत आल्यावर त्याला कुठला आकडा आठवतो ते बघायचं.

दौलतराव : वा. हे मला नसतं सुचलं. कुणी शिकवलं?

विठा : आईनं. ठमी तिचं नाव. बारवी धरणाच्या वरच्या अंगाला आमचा पाडा. लाकडाची मोळी बांधली की आई ती आधी दोनदा जमिनीवर आपटायची. म्हणायची, सुटायची असेल तर इथंच सुटू दे, उतारावर डोक्यावरून नको.

दौलतराव : आणि तू आठ शुक्रवार मोळी आपटली नाहीस?

विठा : हातात छापील यादी दिली होती. यादीत जे होतं ते सगळं केलं. खूण केली, की बरं वाटायचं. आईला यादी नव्हती.

वेणूबाई : उद्या कसली टाकी भरताय तुमी?

दौलतराव : का?

वेणूबाई : उद्या पूजा हाय. नाथानं आज सकाळीच पाच नारळ नेले. मुंबईहून मालक येणार, कंप्युटरला हार घालणार. आपल्या चिमीला पण बोलावलंय नाथाबरोबर, नव्या जोडप्यांना बसवणार म्हणे पूजेला. ती कालपासून साडी काढून बसलीय.

दौलतराव : पोरी?

विठा : हो. पूजा आहे.

दौलतराव : मग टाकी?

विठा : उद्या टाकी नाही मिळणार. सकाळी फिटर येऊन चाक काढणार, मग पूजा.

दौलतराव : म्हणजे आपण आत्ता काकवी नि चिंधी करत होतो, तेव्हा हे तुला ठाऊक होतं.

विठा : हो.

वेणूबाई : पूजा घालतात म्हणजे काम पास झालं. पास कुणी केलं?

विठा : मी.

वेणूबाई : सही तुझी?

विठा : माझी. गेल्या शुक्रवारी केली. हा कागद मंगळवारचा. काल मी हा घेऊन दोन्हीकडे गेले. आमचे टेकचंद शेठ म्हणाले, "बेटा, एक सौ बारा में से कौन सा फेल हुआ, वो बता. अभी के अभी रुकवाता हूँ." त्यांनी रुकवलं असतं. तो माणूस खोटं बोलत नाही. पण दाखवायला एकही नव्हती. तुमच्या कंपनीतले साहेब म्हणाले, एका मंगळवारनं आठ शुक्रवार खोटे पडत नाहीत. लिहून द्या, पुढच्या खेपेला बघू.

वेणूबाई : मग इथं कशाला आलीस?

विठा : मला कळत नव्हतं, मी काय बघितलं नाही ते.

वेणूबाई : आता कळलं?

विठा : कळलं.

वेणूबाई : झालं तर मग. तुझं काम झालं. ऊठ.

दौलतराव : अगं.

वेणूबाई : अगं काय? शनिवारी पहिली शिफ्ट कुणाची हाय? नाथाची. चाक नाय, पाइपात पाणी नाय, आकडा मेलेला. आणि ही इथं बसून शिकतेय. माझ्या चिमीच्या जिवावर शिकायला आली होय?

विठा : मावशी, मी सही मागे घेते. लिहून देते, माझी चूक झाली.

दौलतराव : दे. पण काय होईल ते ध्यानात घेऊन दे. तू कामावरून जाशील, कागद तिथंच राहील. दुसरा कुणी सही करील, आणि त्याला खोटं पण बोलावं लागणार नाय. एकशे बारा पास हायतच.

विठा : तरी देते.

दौलतराव : नको देऊ कुठं म्हणतोय मी? त्यानं शनिवार थांबत नाय, एवढंच.

वेणूबाई : युनियनवाल्यांना सांगा की. तुमचे दोस्त ना सगळे.

दौलतराव : कुठली युनियन? झेंड्याचा खांब तेवढा राहिलाय, त्याला रखवालदार बनियन वाळत घालतो.

वेणूबाई : मग मी नाथाला घरी ठेवते. ताप आला म्हणून सांगू.

दौलतराव : शनिवारी ताप. रविवारी? सोमवारी? आणि त्याच्या जागी तिथं कोण उभा राहील? पदू. त्याच्या हाताखालच्या त्या पोराला तर पाना मारायचा पण ठाऊक नाय.

वेणूबाई : पदू माझा जावई नाय.

दौलतराव : नाय.

वेणूबाई : मग नोकरी सोडू दे त्याला.

दौलतराव : सोडून जाईल कुठं? आपल्या ओळीतल्या तीन कंपन्यांना टाळं लागलंय. आणि मला काढलं त्याच दिवशी त्याला पर्मनंट केलं, आठवतं का? त्याचा पेढा खाल्ला आपण. तू मला भरवलास.

वेणूबाई : नका आठवण काढू.

दौलतराव : तो सोडणार नाय. मी तरी सोडली असती का, त्याच्या वयात?

(तीनचा भोंगा होतो.)

वेणूबाई : नाथा सुटला.

दौलतराव : अर्ध्या तासात येईल. पोरी, नवा कागद घे. त्या यादीत नको, वेगळा. नाथाला दे, त्याला वाचता येतं चांगलं.

विठा : सांगा.

दौलतराव : आकडा दहा मिनिटं हलला नाय तर पाना मारायचा. नळीच्या वरच्या बाजूनं, हलक्या हातानं.

विठा : मग खरा आकडा आला की प्रोग्राम स्वतः पाणी सोडेल.

दौलतराव : खपली पडली तर. दहातल्या सहा वेळा पडते. आणि पाइपात पाणी असलं तर. हाताची पाठ लावून बघायचं. गार नाय लागलं तर...

विठा : तर?

दौलतराव : आधी असतं तर पुढं लिहिलं असतं, चाक फिरव. आता लिही, माणसं बाहेर काढ. पदूला, झाडणाऱ्या बायांना, सगळ्यांना. साहेबाला फोन करत बसू नको. साहेब पहिला प्रश्न विचारील, आकडा किती हाय. तू अडुसष्ट सांगशील, आणि तो म्हणेल, मग काय झालं?

विठा : साहेबांना फोन नाही. पुढे?

दौलतराव : लोखंडी जिन्यानं उतरायचं नाय. तो टाकीला चिकटून हाय. मागच्या दारानं जायचं, नाल्याच्या अंगाला. पळायचं नाय, फरशीवर तेल असतं. भराभर चालायचं.

विठा : टाकीपासून मागच्या दारापर्यंत किती वेळ लागतो?

दौलतराव : दोन मिनिटं. बायांना घेऊन तीन.

वेणूबाई : तो नाय निघायचा आधी. सगळ्यांना काढील नि मग निघेल. तुमचंच शिकलाय.

दौलतराव : म्हणून तीन धरली.

विठा : काका, एक राहिलं. पाणी मिळालं नाही, तर फुटायच्या आधी टाकी किती वेळ धरते?

दौलतराव : काय?

विठा : त्याला कळायला हवं ना, हातात किती मिनिटं आहेत. नेमकं नको, तुमचा अंदाज. दहा? वीस?

वेणूबाई : सांगा की. बाकी सगळं सांगितलंत.

दौलतराव : ते मला ठाऊक नाय, पोरी. बावीस वर्षांत मी तिला तिथवर कधी जाऊच दिलं नाय.